बर्फ कच्चा असतो तेव्हा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, सुपीरियर सरोवरातल्या मॅडलिन बेटावर ला पॉइंट हे गाव आहे. समोरचे बेफील्ड सुमारे चार किलोमीटरवर. हिवाळ्यात फेरीबोट त्याच मार्गाने ये-जा करून बर्फ फोडत राहते. थंडी फारच वाढली की थांबते. खरी कसोटी मधल्या दिवसांची, कारण तेव्हाचा बर्फ बोटीला जड आणि मोटारीला कच्चा असतो. अशा वेळी विमानासारख्या पंख्यांच्या जोरावर बर्फावरून घसरणारी आणि तो फुटलाच तर पाण्यावर तरंगणारी ‘विंडस्लेड’ शाळकरी मुलांना पलीकडे पोहोचवते. बर्फ जाड झाला की त्यावरूनच मोटारी धावतात. नाताळात वापरलेली झाडे रोवून या रस्त्याची आखणी करतात. अलीकडे काही उबदार हिवाळ्यांत मात्र हा रस्ता तयारच झाला नाही. बोट हिवाळाभर चालली.