कासदाह-प्रतिबंधक पृष्ठप्रथिन लसी

दुधाळ जनावरांच्या कासेत शिरणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या पृष्ठभागावरील प्रथिने प्रतिजन (शरीरात प्रतिपिंडे निर्माण करविणारा पदार्थ) म्हणून वापरून कासदाहाविरुद्ध योजिलेल्या लसी. कास दगडासारखी टणक होते म्हणून ग्रामीण भागात या रोगाला ‘दगडी’ असेही म्हणतात. नॉकार व मॉलरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये गायींच्या सांसर्गिक कासदाहाचे कारण स्ट्रेप्टोकॉकस सूक्ष्मजंतू असल्याचे दाखविले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस व एश्चेरिकिया कोलाय हेही या रोगाचे प्रमुख कारक होत.

रोगाचा प्रच्छन्न प्रकार विशेष हानिकारक असतो. कास व दूध वरवर निर्दोष दिसतात. परंतु दूध घटते व त्यातील कोशिकांची संख्या वाढते. दर मिलिलिटर दुधात दोन लाखांहून अधिक कोशिका आढळल्यास सामान्यतः संसर्गाचा संशय घेतात. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाकडे (‘गोकुळ’) गावोगावच्या दूध संस्थांमार्फत दूध येते. अशा संस्थांना दूध घालणाऱ्या ज्या कुटुंबाकडे एकदोनच जनावरे असतात, त्याला एक सड कायमचा निकामी होणे ही मोठी हानी ठरते. प्रतिजैव औषधे दिलेल्या जनावराचे दूध ठराविक काळ विकता येत नाही. त्यातील औषधांशामुळे विरजणातील उपयुक्त सूक्ष्मजंतूंची वाढही खुंटते. शिवाय औषधांना दाद न देणारे सूक्ष्मजंतू वाढत आहेत. म्हणून लसीचे महत्त्व आहे.

धार काढताना दुधाबरोबर वाहून न जाता कासेत टिकण्यासाठी सूक्ष्मजंतूला ऊतकांना चिकटून राहावे लागते. स्टॅ. ऑरियस याच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने फायब्रिनोजेन व फायब्रोनेक्टिन या शरीरातील प्रथिनांना घट्ट धरतात. त्याचे ‘प्रथिन अ’ प्रतिपिंडाला शेपटाकडून पकडते. त्यामुळे भक्षक श्वेत कोशिकांना सूक्ष्मजंतू नीट ओळखता येत नाही. स्ट्रे. युबेरिस याचे एक पृष्ठप्रथिन दुधातील लॅक्टोफेरिनशी संयोग पावते व कासेच्या अस्तर कोशिकांना चिकटण्यास साहाय्य करते. अशी प्रथिने लसीतून टोचल्यास तयार होणारी प्रतिपिंडे त्यांना झाकून टाकतील, चिकटण्याची क्रिया रोखतील व सूक्ष्मजंतूंना श्वेत कोशिकांचे भक्ष्य बनवतील, अशी ही कल्पना आहे.

प्रत्यक्षात अडचणी बऱ्याच आहेत. रक्ताच्या मानाने दुधात प्रतिपिंडे अत्यल्प असतात. श्वेत कोशिका दुधातील स्निग्ध कण व केसीन गिळण्यात गुंतल्याने त्यांची मारक शक्ती कमी होते. स्टॅ. ऑरियस कोशिकांच्या आत लपू शकतो. एकाच जातीच्या निरनिराळ्या वाणांत पृष्ठप्रथिने सारखी नसतात, व एका प्रथिनाचा मार्ग बंद झाला तरी सूक्ष्मजंतूला दुसरे प्रथिन उपयोगी पडते. त्यामुळे अनेक प्रथिने एकत्र करण्याकडे कल असला, तरी शुद्ध पृष्ठप्रथिनांच्या लसींचे बहुतेक काम प्रायोगिक अवस्थेतच आहे. वापरात आलेल्या लसी बहुधा वेगळ्या प्रकारच्या आहेत. ए. कोलाय याच्या ‘जे-५’ या वाणाच्या मृत कोशिकांची लस संसर्ग पूर्णपणे टाळत नाही, परंतु रोगाची तीव्रता कमी करते. यूरोपीय संघात २००९ मध्ये मान्यता मिळालेल्या लसीत याच वाणाबरोबर स्टॅ. ऑरियस याचे मृत सूक्ष्मजंतू असून त्यांच्यावरील चिकट आवरणातील घटक प्रतिजनाचे काम करतात.

यावरून लस ही स्वच्छ दोहनाची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट होते. धार काढण्यापूर्वी कास व हात धुऊन कोरडे करणे, अंगठा मुडपून न पिळता पूर्ण मुठीने धार काढणे, नंतर सड जंतुनाशक द्रावात बुडविणे आणि बाधित जनावराची धार शेवटी काढणे आवश्यक असते. दोहनानंतर सडाचे छिद्र काही काळ उघडे राहते. म्हणून जनावर लगेच खाली बसू नये यासाठी त्याला वैरण घालतात.