सकाळची पातळीच खरी

सकाळी ७
मे महिन्यात नागपुरात वर्कशॉपचं शटर सातलाच वर जातं. एक तर दहानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. दुसरं, कूलंटची पातळी बघायची ती थंड गाडीतच. तापलं की कूलंट फुगतं आणि टाकी उगाच भरलेली दिसते.

रात्रभर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक टॅक्सींची बोनेटं एकेक करून उघडतो. इंजिनच नाही तर रेडिएटर कशाला, असं अजूनही लोक विचारतात. पण मोटर तापते, इन्व्हर्टर तापतो, आणि बॅटरीला तर साधारण १५ ते ३५ अंशांचंच हवामान मानवतं. काही गाड्यांत बॅटरीची टाकी वेगळी आणि मोटरची वेगळी, त्यामुळे एक बघून बोनेट लावायचं नाही. टाकीवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा दोन रेघा असतात. मागून टॉर्च धरला की प्लॅस्टिकमधून पातळी स्पष्ट दिसते. झाकणाला हातही लावावा लागत नाही.

सकाळी ९
एका टॅक्सीची पातळी ‘मिन’च्या बोटभर खाली. चालक घाईत.
“भाऊ, थोडं पाणी टाकून द्या न. मले स्टेशनची सवारी हाये.”
“पाणी नाही टाकत, दादा. गेलं कुठं ते आधी पाहू.”

जुन्या गाडीत बाटलीभर पाणी ओतून वेळ मारून नेता यायची. इथं ती सवय महागात पडते. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे कूलिंग प्लेटमधल्या बारीक वाटांत थर बसतो, ॲल्युमिनियम खराब होतं. काही कंपन्या तर मुद्दाम वीज कमी वाहून नेणारं कूलंट देतात. त्यात साधं पाणी गेलं की त्याचा तो गुणच जातो. शिवाय ही बंद वाहिनी आहे. बोटभर कूलंट सहजासहजी उडून जात नाही. ते कुठून तरी गळतंच.

सकाळी ११
चार्जिंगची गन काढून, गाडी पूर्ण बंद करून काम सुरू. गन लावलेली असली तर पंप आणि पंखा न सांगता चालू होतात, आणि बोटं पंख्याजवळच असतात. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या वाटेला जायचं नाही, हा नियम पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलेला.

टाकीच्या तोंडावर प्रेशर टेस्टर बसवला, हातानं हवा भरली. काटा हळूहळू उतरू लागला. टॉर्च घेऊन होजवरून बोट फिरवत गेलो. पंपाजवळच्या क्लॅम्पखाली गुलाबीसर पांढरी खपली, बोटाला चिकट. रबर उन्हानं कडक झालेलं, क्लॅम्प सैल. गळती बाहेर सापडली, जीव भांड्यात पडला. बाहेर काहीच दिसलं नसतं तर शंका बॅटरीच्या पेटीवर गेली असती. मग स्कॅनरवर इन्सुलेशनचा आकडा बघायचा, आणि तो घसरलेला असेल तर गाडी जागची हलवायची नाही.

दुपारी १
डबा. बाहेर पारा ४४च्या वर. नुसता रेडिएटर कूलंटला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून अशा गाडीत एसीचा गॅस चिलरमधून फिरवून कूलंट गार करतात. फास्ट चार्जिंगला उभ्या गाडीचा कॉम्प्रेसर घरघरतो तो यासाठी. कूलंटच कमी असेल तर गाडी चार्जिंगचा वेग उतरवते, आणि चालक चार्जरवाल्याशी भांडत बसतो.

दुपारी ३
नवा होज, नवा क्लॅम्प. कंपनीनं सांगितलेलं तयार कूलंटच भरायचं; रंग जुळला म्हणून दुसऱ्या डब्यातलं नाही. आधी वाहिनीतली हवा ओढून घेतली. होज चपटे झाले, काटा जागेवर थांबला, मग कूलंट आपोआप आत गेलं. स्कॅनरवरून पंप चालवला. गुळगुळ आवाज, चार बुडबुडे, पातळी थोडी उतरली. तेवढं भरून घेतलं. हवेचा फुगा आत राहिला तर टाकी भरलेली दिसूनही बॅटरीचा एखादा कोपरा तापतच राहतो.

जमिनीवर सांडलेलं लगेच भुसा टाकून उचललं. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण जहाल विषारी असतं, आणि दारात कुत्री असतात. जुनं कूलंट कॅनमध्ये, नालीत नाही.

सायंकाळी ६
गाडी फास्ट चार्जरला लावून होजवर कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. चालक पुन्हा हजर.
“आता नेऊ का?”
“उद्या सकाळी. थंड झाल्यावर पातळी बघतो, मगच.”

तो कुरकुरला. पण तापलेल्या टाकीकडे बघून गाडी सोडली आणि रात्री एखाद्या सवारीसकट ती रस्त्यात अडली, तर बोलणी दोघांनाही बसणार. टाकीवर मार्करनं बारीक खूण केली, रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहिले. सकाळी सातला पातळी खुणेखाली गेलेली दिसली, तर होज पुन्हा खोलायचा. कूलंटचा डबा तोवर कपाटातच.