उत्तर कोणती?

दक्षिणेकडे पाय करून निजूं नये, ही ताकीद आपल्या घरांतील प्रत्येक मुलाच्या कानावर लहानपणींच पडते. त्यामुळें रात्रीं अंथरूण घालतांना दक्षिण कोणती हें त्यास ठाऊक असतें. परंतु तेंच मूल परक्या गांवीं, चार शेतें ओलांडून उभें केलें कीं दक्षिण हरवते. घरांतल्या दिशा घराच्या भिंतींनाच चिकटलेल्या असतात. ही गोष्ट गेल्या मे महिन्याच्या उत्तरार्धांत मला माझ्याच फजितीवरून कळली; आणि जेथें कळली, तेथील तीन हजार वर्षांपूर्वींचे रहिवासी या बाबतींत माझ्याहून खचित शहाणे होते.

तें ठिकाण म्हणजे शिरूर तालुक्यांतील इनामगांव. घोड नदीच्या उजव्या तीरावरील येथील टेकाडांचें उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें 1968 ते 1983 या काळांत केलें, डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी या विद्वानांचीं नांवें त्या कार्याशीं कायमचीं जोडलेलीं आहेत. इ. स. पूर्वीं सुमारें 1600 पासून 700 पर्यंत येथें शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक जव पिकवीत, रंगीत मडकीं घडवीत, आणि नदीचें पाणी बांध घालून पाटानें नेत. आपल्या मृतांना ते घराच्या जमिनीखालींच पुरीत. मोठ्या माणसाचें प्रेत खड्ड्यांत उताणें, दक्षिणोत्तर, डोकें उत्तरेस करून ठेवलेलें आढळतें, व पावलें घोट्यापासून तोडलेलीं असतात. मृतानें उठून चालूं लागूं नये, अशी त्यांत समजूत असावी, असें संशोधक मानतात. कांहीं अपवाद आहेत. एका प्रौढ पुरुषास तर चार पायांच्या मोठ्या रांजणांत बसवून पुरलेलें होतें. पण रीत म्हणून पाहिली तर ती हीच.

माझ्या पुतण्यानें इनामगांवचें नांव शाळेच्या पुस्तकांत वाचलेलें होतें, म्हणून त्यास घेऊन गेलों. टेकाड पाहून झाल्यावर नदी मागें टाकून दक्षिणेकडील एका स्नेह्यांच्या वस्तीवर पोंचावयाचें होतें. वाट उंसांतून. ऊंस डोक्याहून उंच, आणि वर आकाशाची केवळ एक पट्टी. मुलाच्या हातांतील मोबाइल केव्हांच निजला होता. सकाळचे दहा वाजले होते. मीं मोठ्या ऐटीनें मनगटावरील घड्याळ काढलें. कारण बालवीरांच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकांतला नियम मला पाठ होता: तासकांटा सूर्याकडे धरावा, तो व बाराचा आंकडा यांमधील कोन दुभागावा, म्हणजे ती रेघ दक्षिण दाखविते. त्या रेघेनें आम्हीं अर्धा तास चाललों, आणि पाहतों तों पुढ्यांत पुन्हा नदीच!

कांठावर धुणें धूत असलेल्या एका बाईंनीं विचारलें, “दादा, उगवतीला कुठं निघालाय? वस्ती तर तिकडं मावळतीच्या अंगाला ऱ्हायली.” त्यांच्यापाशीं घड्याळ नव्हतें.

पुस्तकांतील नियम खोटा नव्हता. तो आपल्या अक्षांशासाठीं लिहिलेला नव्हता. विलायतेंत माध्यान्हींचा सूर्य बारा महिने दक्षिणेसच असतो. इनामगांवचे अक्षांश मात्र सुमारें साडेअठरा. मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्हीं बरोबर माथ्यावर येतो, सावली पायांखालीं नाहीशी होते. आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माध्यान्हीं आपल्या उत्तरेस राहतो. त्या दिवशीं दहा वाजतां सूर्य पूर्वेसच, किंबहुना किंचित् उत्तरेकडे झुकलेला होता, आणि घड्याळानें दक्षिण म्हणून दाखविली ती पूर्व व आग्नेय यांच्या मधली दिशा! सुमारें सत्तर अंशांची चूक. शिवाय आपलीं घड्याळें 82½ रेखांशाच्या वेळेनें चालतात. इनामगांव त्याच्या पश्चिमेस आठ अंश असल्यामुळें तेथील खरा मध्यान्ह ऋतूप्रमाणें सव्वाबारा ते पाऊण यांच्या दरम्यान केव्हांतरी होतो. थंडीच्या दिवसांत हा घड्याळाचा नियम बराच उपयोगी पडेल. उन्हाळ्यांत त्याच्या वाटेस जाऊं नये.

वस्तीवर पोंचल्यावर स्नेह्यांच्या वृद्ध वडिलांनीं आमची हकीकत ऐकली व ते म्हणाले, “अहो, घरांत शंकु असतांना इंग्रजी कांटा कशाला फिरविलात?” शंकु म्हणजे उभी रोवलेली काठी. दिक्साधनाची ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत आहे, सूर्यसिद्धान्तांतहि आहे. यज्ञवेदीची पूर्व दिशा याच रीतीनें ठरवीत. दुसरे दिवशीं आम्हीं ती अंगणांत करून पाहिली. सपाट सारवलेल्या जागेवर हातभर काठी ओळंबा लावून सरळ उभी केली, आणि तिच्या उंचीएवढ्या दोरीनें तिच्याभोंवतीं वर्तुळ काढलें. सकाळीं काठीची सावली लांब, वर्तुळाबाहेर गेलेली असते. ती आंखडतां आंखडतां तिचें टोंक वर्तुळास जेथें टेंकलें तेथें खडा ठेवला. त्या वेळीं साडेनऊहि वाजले नव्हते. दुपारीं पावणेचारच्या सुमारास सावली वाढून पुन्हा वर्तुळास टेंकली. तेथें दुसरा खडा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. त्यांना जोडणाऱ्या रेघेवर लंब काढला कीं दक्षिणोत्तर. माध्यान्हींची सावली उत्तरेस पडो, दक्षिणेस पडो, वा मुळींच न पडो, या रीतीस त्याचें कांहीं नाहीं. दोष एवढाच कीं दिवसभर एके जागीं बसावें लागतें. चालत्या वाटेवर तितका धीर नसेल तर सावलीच्या टोंकाशीं खूण करून अर्ध्या घटकेनें दुसरी करावी. पहिलीकडून दुसरीकडे जाणारी रेघ जवळजवळ पूर्वेस जाते. दहापंधरा अंशांचा फरक पडेल, पण नदी सोडून पुन्हा नदीवर येण्याची पाळी येणार नाहीं.

त्या मुलास खरी गंमत वाटली ती गांवांतल्या खुणांची. महादेवाच्या शाळुंकेची पन्हळ बहुधा उत्तरेकडे असते. म्हणजे गाभाऱ्यांत डोकावलें कीं उत्तर सांपडली. मुसलमानांच्या कबरी आपल्याकडे दक्षिणोत्तर असतात. मारुतीवर मात्र या कामीं विसंबूं नये. तो कोठेंहि तोंड करून उभा असतो. आणि घोड भीमेस मिळावयाची म्हणून एकंदरींत आग्नेयेकडे वाहते, एवढें लक्षांत असतें तरी माझी फजिती टळती.

रात्रीं अंगणांतच निजावयाचें होतें. सप्तर्षि उंच आले होते. पुलहाकडून क्रतूकडे रेघ धरून, त्या दोहोंतील अंतराच्या सुमारें पांचपट पुढें गेलें कीं ध्रुव. हात लांब करून धरलेली मूठ सुमारें दहा अंश भरते. त्या मानानें इनामगांवीं ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित् खालींच. दक्षिणेस नऊच्या सुमारास त्रिशंकु उभा होता. शरदांतील संध्याकाळीं सप्तर्षि मावळलेले असतात. तेव्हां ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूची शर्मिष्ठा कामास येते.

मुलानें विचारलें, “काका, त्या टेकाडावरच्या लोकांनीं पण ध्रुव पाहूनच उत्तर ठरवली असेल ना?”

तसें घडणें शक्य नव्हतें. पृथ्वीच्या आंसाचें टोंक आकाशांत हळूहळू सरकत असतें. तीन हजार वर्षांपूर्वीं आजचा ध्रुव त्या बिंदूपासून पंधरा अंशांहून अधिक दूर होता, इतरांप्रमाणें फेरी घालीत होता, आणि बिंदूवर दुसरी कोणतीहि ठळक तारा नव्हती. शतपथब्राह्मणांत कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत असें म्हटलें आहे. त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं त्या उल्लेखाचा काळ इ. स. पूर्वीं सुमारें 3000 काढला. त्याच कृत्तिका आज पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेस उगवतात, आणि बरोबर पूर्वेचा मान मृगाच्या पोटांतील बाणाकडे, त्यांतहि प्रथम उगवणाऱ्या तारेकडे गेला आहे. इनामगांवकरांस ना ध्रुव, ना लिपी, ना लोहचुंबक. रोज उगवणारा व रोज मावळणारा सूर्य आणि दिवसभर फिरणारी सावली एवढेंच त्यांचें साधन. आणि तरीहि पिढ्यान् पिढ्या त्यांच्या मृतांचीं डोकीं उत्तरेसच आहेत.

हें ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलें निजला. इतक्यांत तो उठून बसला, एकवार ध्रुवाकडे, एकवार माझ्या खाटेकडे पाहिलें, आणि म्हणाला, “काका, उठा. तुमची खाट फिरवायला हवी. उशी उत्तरेला आहे.”