मतपत्रिकेवरचा पँथर

अलाबामातल्या सेल्माहून माँटगोमेरीला जाणारा हायवे ८० हा ५४ मैलांचा रस्ता. बहुतेक पर्यटक सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर फोटो काढतात आणि तडक राज्याची राजधानी माँटगोमेरी गाठतात. वाटेतली लाउंड्स काउंटी मागे पडते. खरं तर थांबावं ते तिथेच.

१९६५ उजाडलं तेव्हा इथले पाचातले चार रहिवासी कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं. ७ मार्चला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पंचविशीतल्या जॉन लुईसचं डोकं पोलिसांच्या दांडक्यानं फुटलं. त्यानं उलट हात उगारला नाही. त्याच्याच ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेतला, २३ वर्षांचा स्टोकली कारमायकेल मोर्चानंतर मतदार नोंदणीसाठी लाउंड्समध्ये मुक्काम ठोकून राहिला. अहिंसा त्याला मान्य होती, पण डावपेच म्हणून. इथल्या शेतकऱ्यांच्या घरात बंदुका होत्या आणि रात्री कुणी गोळ्या झाडल्या तर उत्तर द्यायला ते कचरत नसत. बंदुका खाली ठेवा, असं सांगायला तो गेला नाही. पुढच्याच वर्षी ‘स्निक’चं अध्यक्षपद लुईसकडून त्याच्याकडे आलं.

मतदार म्हणून नाव नोंदवलं, एवढ्यावरून जमीनदारांनी कुळांना हाकललं. ती कुटुंबं ऐन थंडीत हायवेलगत तंबूत राहिली. त्या ‘टेंट सिटी’च्या जागी आज नॅशनल पार्क सर्व्हिसचं माहिती केंद्र आहे. प्रवेश विनामूल्य.

निरक्षर मतदारांसाठी इथेही पक्षांना चिन्ह लागे. डेमोक्रॅट्सचा होता पांढरा कोंबडा. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं गोऱ्यांच्या वर्चस्वाचं ब्रीद छापलेलं असे. स्थानिक पुढारी जॉन ह्युलेट आणि सोबत्यांनी काउंटीत नवा पक्ष काढला आणि त्याच्यासाठी काळा पँथर निवडला. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या संघटनेसाठी तो उचलला, आणि त्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार प्रभृतींनी दलित पँथर उभी केली. पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यावरची आक्रमक पोरं येतात. त्याचा जन्म मात्र मतपत्रिकेसाठी झाला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

नोव्हेंबर १९६६ मध्ये लाउंड्समधल्या ह्युलेटच्या पक्षाचे सातही उमेदवार पडले. १९७० मध्ये ह्युलेट काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या खुर्चीत राहिला.

अमेरिकेतल्या लेकासुनेकडे जाणाऱ्यांनी अलाबामा बेतात घेतलंच, तर पुलावरचा वेळ थोडा कमी करून इथे द्यावा.