मुद्रा आणि मानचिन्हे – भाग ७ : निजामाच्या झेंड्यावरचा कुलचा

गेल्या आठवड्यात ही लेखमाला जर्मनीत होती. बर्लिनचे अस्वल, म्युनिकचा जोगी. आता घरी यायला हवे. सिंह, गरुड, भाले, बुरूज असल्या ऐटबाज चिन्हांच्या जगात एका राजघराण्याने झेंड्यावर चक्क रोटी मिरवली आणि त्या झेंड्याखाली मराठवाड्याच्या सात-आठ पिढ्या जगल्या. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या कापसाच्या बाजारगावातही सत्ता होती ती याच पिवळ्या झेंड्याची.

हैदराबादच्या निजामांचा, म्हणजे असफजाही घराण्याचा झेंडा पिवळा, मधोमध पांढरे वर्तुळ. हे वर्तुळ म्हणजे कुलचा, मैद्याची जाडसर गोल रोटी. त्याची आख्यायिका औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. घराण्याचा मूळ पुरुष मीर कमरुद्दीन खान तिथले सूफी संत हजरत निजामुद्दीन यांच्या दर्शनाला गेला. संतांनी त्याला जेवायला बसवले आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेले कुलचे पुढे ठेवले. भुकेलेल्या पाहुण्याने सात खाल्ले. ‘तुझ्या सात पिढ्या राज्य करतील,’ असा आशीर्वाद मिळाला. फडक्याचा रंग झेंड्याला आला, कुलचा मधोमध बसला.

गोष्ट झकास आहे. हिशेबही जुळतो, पण जरा मजेने. १७२४ ते १९४८ या काळात गादीवर बसले दहाजण. नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग हे तिघे ‘असफजाह’ म्हणून मोजले जात नाहीत, म्हणून निजाम सात. शिवाय दुसरा निजाम अली खान हा पहिल्याचाच मुलगा. त्यामुळे बाप-लेक अशी साखळी मोजली तरी शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्यापर्यंत बरोबर सातच पिढ्या भरतात. भविष्यवाणी इतकी नेमकी निघाली, की ती राज्य संपल्यावर घासूनपुसून घेतली असावी अशी शंका यावी.

राज्य मिळाले ते मात्र जेवणाच्या पंगतीत नव्हे. ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याजवळ कमरुद्दीनने हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान याला लढाईत ठार केले आणि दख्खन ताब्यात घेतली. झेंड्यावर या लढाईची खूण नाही. दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार असताना स्वतंत्र सत्ता उभारणाऱ्याला तलवारीपेक्षा फकिराचा आशीर्वाद दाखवणे अधिक सोयीचे होते, हे उघड आहे.

दुसरा एक अर्थही सांगितला जातो. ‘कमर’ म्हणजे चंद्र. कमरुद्दीनच्या झेंड्यावरचे पांढरे वर्तुळ पौर्णिमेचा चंद्र असेल तर हे नावावरून घेतलेले चिन्ह ठरते, बर्लिनच्या अस्वलासारखेच. तरीही लोकांच्या तोंडी राहिला तो कुलचाच.

युरोपातला एखादा चिन्हशास्त्री हा झेंडा पाहून कपाळाला हात लावील. तिकडे सोनेरी-पिवळा आणि रुपेरी-पांढरा हे दोन्ही ‘धातू’ मानतात, आणि धातूवर धातू ठेवायचा नाही हा मोठा दंडक. लांबून दिसत नाही म्हणून. इथे पिवळ्यावर पांढरे! अर्थात जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्यानेही रुपेरी ढालीवर सोनेरी क्रूस मिरवून हाच नियम मोडला होता.

नियमांचा हा चष्मा हिंदी संस्थानांवर चढला तो १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करताना लॉर्ड लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली. बंगालमधला सनदी अधिकारी रॉबर्ट टेलर याने त्यांवरची मानचिन्हे रेखाटली होती. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर साऱ्यांना युरोपी घाटाची ढाल मिळाली. मीर महबूब अली खान, सहावा निजाम, तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता.

पुढे उस्मान अली खानांच्या झेंड्यावर कुलच्यासोबत अरबी-फारसी अक्षरेही आली : वर ‘अल-अजमतुलिल्लाह’, म्हणजे थोरवी ईश्वराची, आणि खाली ‘या उस्मान’. एकाच कापडावर देवही आणि सरकारही!

१९४७ साली याच झेंड्याच्या जागी तिरंगा लावण्यासाठी स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि तो पैसा मुक्तिलढ्यासाठी वापरला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

कुलच्याचा झेंडा आता संग्रहालयांत उरला आहे, पण हैदराबादचा हाली सिक्का मराठवाड्यातल्या कित्येक घरांच्या जुन्या पेटीत अजून सापडतो. चारमिनार असलेला रुपया मिळाला तर त्याच्या मधल्या कमानीत नीट पाहा. तिथे ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे महबूब अलींचे, म्हणजे १९११ किंवा त्याआधीचे. ‘ऐन’ असेल तर उस्मान अलींचे.

(पुढील आठवड्यात : शिंद्यांच्या मानचिन्हावरचा नाग)