चाकणचा बाजार शेजारी, तरी भाजी महाग का? पिंपरी-चिंचवडमध्ये स्वस्त आणि हंगामी भाजी नेमकी मिळते कुठे?

चाकण ते पिंपरी हे अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. चाकणच्या बाजारातला कांदा, नारायणगावचा टोमॅटो, मंचर भागातला बटाटा, मावळातला इंद्रायणी तांदूळ हे सगळं पिंपरी-चिंचवडपासून दोन-अडीच तासांच्या आत पिकतं. पुणे-नाशिक रस्त्याने भाजीचे टेम्पो मोशी आणि भोसरीवरूनच पुढे जातात. तरीही भोसरीत किंवा चिखलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला कोपऱ्यावरच्या गाडीवर तीच भाजी घेताना खिशाचा विचार करावा लागतो. दुसरीकडे ती पिकवणारा शेतकरी म्हणतो, आम्हाला भाव मिळत नाही.

मग मधले पैसे जातात कुठे? आणि आपल्याला ते वाचवता येतात का? समजून घेऊ.

शेजारी पिकतं, मग महाग का?

भाजीचा भाव ती किती लांबून आली यावर कमी आणि किती हातांतून आली यावर जास्त ठरतो.

जुन्नर तालुक्यातला टोमॅटो घ्या. शेतकरी तो तोडतो, निवडतो, क्रेटमध्ये भरतो आणि बाजार समितीत आणतो. तिथे लिलाव होतो. व्यापारी माल उचलतो. त्यातला काही माल पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात किंवा मोशीच्या उपबाजारात जातो. तिथून किरकोळ विक्रेता पहाटे जाऊन तो विकत घेतो, टेम्पोने आपल्या भागात आणतो आणि दिवसभर विकतो. प्रत्येक टप्प्यावर हमाली, तोलाई, आडत, वाहतूक आणि खराब झालेल्या मालाची घट भावात मिसळत जाते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहक जो एक रुपया मोजतो, त्यातले टोमॅटोच्या बाबतीत साधारण ३३ पैसे, कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले जवळपास दोन तृतीयांश पैसे वाटेत खर्च होतात.

याचा अर्थ मधला प्रत्येक माणूस लुबाडतो असा नाही. कोपऱ्यावरचा भाजीवाला पहाटे उठून माल आणतो, संध्याकाळी सुकलेली कोथिंबीर फेकून देतो आणि तो तोटा स्वतः सोसतो. पण ग्राहकाने दोन टप्पे वगळले, तर त्याचा फायदा ग्राहकाला आणि शेतकऱ्याला दोघांनाही होऊ शकतो.

दुसरं कारण जमिनीचं. मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली ही १९९७ मध्ये महापालिकेत आलेली गावं. तिथे पूर्वी शेती होती, आता मोठ्या भागावर इमारती आणि कारखाने आहेत. चाकणच्या आसपासही एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या. त्यामुळे आज ‘जवळचं शेत’ म्हणजे प्रामुख्याने खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर आणि पुरंदर हे तालुके.

हंगाम इतका महत्त्वाचा का?

एकाच भागातल्या शेकडो शेतांतून एकच भाजी एकाच वेळी निघते, तेव्हा आवक वाढते आणि भाव उतरतो. शिवाय हंगामातल्या पिकाला औषधं आणि मेहनत तुलनेने कमी लागते. म्हणून स्वस्त भाजी शोधण्याचा पहिला उपाय म्हणजे ‘आज काय करायचं?’ हे घरी ठरवून बाजारात जाण्याऐवजी ‘आज बाजारात काय भरपूर आलंय?’ हे बघून घरी येणं.

पुणे जिल्ह्यापुरतं ढोबळ वेळापत्रक असं:

- जून ते सप्टेंबर: काकडी, दोडका, दुधी, कारली, भोपळा या वेलीच्या भाज्या. सह्याद्रीच्या बाजूने येणाऱ्या कर्टोली, टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुरंदरचा मटार आणि आंबेगावातल्या सातगाव पठाराचा पावसाळी बटाटा. जोराचा पाऊस लागला की पालेभाज्या शेतातच सडतात, म्हणून त्या या काळात अनेकदा महाग असतात.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: भुईमुगाच्या ओल्या शेंगा, पुरंदरचं सीताफळ. भातकापणीनंतर मावळातला नवा इंद्रायणी तांदूळ. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ मध्ये आलेला.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: वर्षातला सगळ्यात स्वस्ताईचा काळ. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, फ्लॉवर, कोबी, गाजर, मटार, पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरं.
- मार्च ते मे: साठवणीचा उन्हाळी कांदा, कैरी, कलिंगड, पुरंदरचे अंजीर, मे महिन्यात करवंदं. पाणी कमी पडत असल्याने पालेभाज्या पुन्हा महागतात.

हे लक्षात ठेवणं अवघड वाटत असेल, तर भोगीची भाजी आठवा. वांगं, गाजर, पावटा, घेवडा, मटार, हरभरा हे सगळं त्या एका भाजीत पडतं, कारण जानेवारीच्या मध्याला हे सगळं एकाच वेळी शेतात असतं.

कांद्याचा वेगळा हिशोब

कांदा वर्षभर मिळतो म्हणून त्याला हंगाम नाही असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचे तीन हंगाम आहेत. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. त्यामागून जानेवारी ते मार्चमध्ये रांगडा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी, ज्याला आपल्याकडे गावरान कांदाही म्हणतात.

पहिल्या दोन्हींमध्ये पाण्याचा अंश जास्त असतो, ते फार टिकत नाहीत. उन्हाळी कांदा मात्र चार-सहा महिने टिकतो. खेड-जुन्नर भागात शेतकरी तो बराखीत साठवतात आणि पावसाळाभर थोडा थोडा बाजारात आणतात. बराखीतला कांदा संपत आलेला आणि नवा लाल कांदा अजून पुरेसा न आलेला, असा सप्टेंबर ते नोव्हेंबरचा काळ हा भाव चढण्याचा नेहमीचा काळ.

म्हणून कांदा साठवायचा असेल तर तो एप्रिल-मेमध्ये, नीट वाळलेला, पातीची मान बारीक झालेला घ्यावा. घरी हवेशीर जागी पसरून ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको आणि बटाट्यासोबत तर नकोच. डिसेंबरमध्ये स्वस्त मिळाला म्हणून लाल कांद्याची गोणी घरात आणली, तर निम्मा कांदा सडण्याची किंवा कोंब फुटण्याची भीती असते.

मग खरेदीला जायचं कुठे?

१. चाकणचा बाजार. खेड बाजार समितीचं चाकण इथलं महात्मा फुले मार्केट कांदा-बटाट्यासाठी ओळखलं जातं. शनिवार हा इथला मोठा बाजार, जनावरांचा बाजारही त्याच दिवशी. लिलावात परवानाधारक व्यापारीच बोली लावतात, सामान्य ग्राहक नाही. पण लिलावानंतर व्यापाऱ्याकडून गोणीने माल घेता येतो. एकट्या घराला गोणी जड जाते, तर पाच-दहा घरांनी मिळून घ्यावी. ५० किलोची गोणी दहा घरांत वाटली की वाट्याला ५ किलो येतात. भाव विचारताना हमाली, तोलाई, आडत धरून सांगा असं आधीच म्हणा, आणि रिक्षा-टेम्पोचं भाडं हिशोबात धरा. फक्त २ किलो कांद्यासाठी चाकणला जाणं परवडणार नाही.

२. मोशीचा उपबाजार आणि पिंपरीची मंडई. मोशी इथला नागेश्वर महाराज उपबाजार हा पुणे बाजार समितीचा. पिंपरीतली लालबहादूर शास्त्री भाजी मंडई ही शहरातली जुनी आणि मोठी मंडई. गल्लीतल्या दुकानापेक्षा इथे एक टप्पा कमी होतो. सकाळी लवकर गेलं तर माल ताजा, संध्याकाळी उशिरा गेलं तर पालेभाज्या स्वस्त. रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्यांना सकाळची वेळ सोयीची पडते.

३. शेतकरी आठवडे बाजार. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. म्हणजे शेतकरी आपला माल बाजार समितीत न नेता थेट विकू शकतो. त्याच वर्षी कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मैदानावर शेतकरी गट काही तास भाजी विकतात. जागा आणि वार बदलत असतात, त्यामुळे आपल्या प्रभागात चौकशी करूनच जा.

हे बाजार दर वेळी स्वस्तच असतील असं मात्र नाही. शेतकऱ्यालाही गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी सुटावी लागते. फायदा असा की तुम्ही दिलेल्या पैशातला मोठा वाटा त्याच्याकडे राहतो आणि माल एक-दोन दिवसांनी ताजा असतो. पालेभाजी घरी दोन दिवस जास्त टिकली, तर ती बचतच आहे.

४. थेट शेतावरून. तांदूळ, कांदा, बटाटा, भुईमूग अशा टिकाऊ मालासाठी हा मार्ग सगळ्यात चांगला. कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांची गावं खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळातच आहेत. सोबत काम करणाऱ्याच्या गावाकडून दिवाळीनंतर वर्षाचा तांदूळ आणि मे महिन्यात कांदा आणला, तर वर्षातून दोन फेऱ्यांत काम होतं.

विकणारा खरंच शेतकरी आहे का?

‘शेतकऱ्याकडून थेट’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. ओळखायच्या काही साध्या खुणा आहेत. शेतकऱ्याकडे सहसा दोन-चारच प्रकारचा माल असतो आणि तो सगळा हंगामातला असतो. माल लहान-मोठा, एकसारखा नसलेला असतो. गाव कोणतं, तोडा कधी केला, पुढच्या आठवड्यात काय येणार, याची उत्तरं तो न अडखळता देतो. एकाच गाळ्यावर सफरचंदापासून ब्रोकोलीपर्यंत वीस प्रकार असतील, तर तो माल घाऊक बाजारातून आलेला आहे. तोही घ्यायला हरकत नाही, फक्त ‘थेट’ म्हणून जास्त पैसे देऊ नका.

जवळची भाजी म्हणजे स्वच्छ भाजी?

नाही, हे गृहीत धरू नका. पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्यांमध्ये सांडपाणी मिसळतं. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा फेस अनेकांनी पाहिलेला आहे. अशा पाण्यावर नदीकाठी वाढलेली पालेभाजी शहराला सगळ्यात जवळची असते, पण सुरक्षित असेलच असं नाही. विहिरीचं पाणी आहे, कालव्याचं की नदीचं, हे विचारायला संकोच करू नका. पालेभाज्या भरपूर स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवा. तरी रासायनिक प्रदूषण धुण्याने जातंच असं नाही, म्हणून पाण्याचा प्रश्न आधी विचारलेला बरा. रानभाज्यांबाबतही एक काळजी घ्या. शेवळासारख्या काही भाज्या नीट केल्या नाहीत तर घशाला खाज सुटते. विकणाऱ्या मावशींकडून कृती समजून घेऊनच त्या करा.

भाव योग्य आहे हे कसं कळणार?

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिलेले असतात आणि बहुतेक भाज्यांचे दर क्विंटलचे असतात. त्याला १०० ने भागलं की किलोचा घाऊक भाव निघतो. समजा कांद्याचा सर्वसाधारण दर क्विंटलला २,००० रुपये आहे, म्हणजे किलोला २० रुपये. किरकोळीत तो २८-३० ला मिळाला तर वाहतूक आणि घट धरून ते समजण्यासारखं आहे. ५० सांगितला तर पुढच्या गाड्यावर विचारा. कांद्यात पैसे वाचवायचे असतील तर ‘गोलटी’ मागा. हा लहान आकाराचा कांदा चवीला तसाच असतो, पण स्वस्त मिळतो.

हा आकडा उलट बाजूनेही वापरायला हवा. मे २०२३ मध्ये भाव पडल्यामुळे राज्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले. अनेकांनी बागा सोडून दिल्या. जुलैमध्ये तोच टोमॅटो किरकोळीत किलोला १०० रुपयांच्या वर गेला आणि सप्टेंबरपर्यंत भाव पुन्हा कोसळले. भाव पडल्यावर शेतकरी पीक सोडतो आणि त्यानंतर येणारी महागाई आपल्याच ताटात येते. घाऊक भाव पडलेला असताना शेतकऱ्याशी जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करून आपले फार काही वाचत नाहीत. खरी बचत होते ती हंगाम ओळखण्यात, मधले टप्पे कमी करण्यात आणि शेजाऱ्यांसोबत मिळून घेण्यात.

सुरुवात छोटी करा. येत्या आठवड्यात घरात सगळ्यात जास्त लागणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या ते बघा, त्यांचा घाऊक भाव काढा आणि सोसायटीतल्या किंवा चाळीतल्या चार घरांना विचारा. दुचाकीवर मावेल एवढी एक गोणी वाटून घेण्यापासून हे सुरू करता येतं.