व्यायाम आणि हृद्‌रोहिणी विकारग्रस्तांच्या रक्तातील रासायनिक बदल

प्रस्तावना :
हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिणींच्या भित्तिकेत मेद साचून त्या अरुंद होणे म्हणजे हृद्‌रोहिणी विकार होय. अशा रुग्णांना व्यायाम सुचविला जातो. परंतु त्यामुळे रक्तातील सर्वच घटक सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. हा भेद न उमगल्यास ‘चालणे सुरू आहे, आता गोळ्या कशाला’ असा घातक समज होतो. प्रस्तुत लेखात या भेदाची मीमांसा केली आहे.

रक्तातील बदल :
व्यायामाचा ठळक परिणाम ट्रायग्लिसराइडवर होतो. कार्यरत स्नायूंच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज हे विकर अधिक क्रियाशील होते आणि ट्रायग्लिसराइडच्या विघटनातून स्नायूंना इंधन मिळते. एचडीएल कोलेस्टेरॉल अल्प प्रमाणात वाढते. भारतीयांमध्ये ट्रायग्लिसराइड अधिक व एचडीएल कमी असे चित्र वारंवार आढळते. म्हणून हे परिणाम महत्त्वाचे ठरतात. स्नायू ग्लुकोज अधिक शोषतात व इन्शुलिनचा प्रभाव वाढतो. याउलट, रोहिणीभित्तिकेत साचणारे एलडीएल कोलेस्टेरॉल केवळ व्यायामाने फारसे घटत नाही. एका वेळच्या व्यायामाचा ट्रायग्लिसराइड व ग्लुकोजवरील परिणाम साधारणतः एक-दोन दिवसच टिकतो. त्यामुळे सातत्य आवश्यक असते. सवय नसताना एकाएकी केलेल्या तीव्र श्रमांनी मात्र रक्तबिंबिका उद्दीपित होऊन गुठळीचा धोका वाढतो.

सांताक्रूझ येथील अभ्यास :
विलेपार्ल्यालगतच्या सांताक्रूझ येथील ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केली. तेथील ‘केअरिंग हार्ट’ प्रकल्पाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ११३ रुग्णांपैकी ७१ जणांनी वर्षभर योगाधारित जीवनशैली आचरली, तर ४२ जण तुलनागटात होते. एकूण कोलेस्टेरॉल पहिल्या गटात २३.३ टक्के, तर दुसऱ्यात ४.४ टक्के घटले. एलडीएलमधील घट अनुक्रमे २६ व २.६ टक्के होती. ही घट वरील विवेचनाशी विसंगत भासेल. तथापि या जीवनशैलीत आहारबदल व ताणनियंत्रणही अंतर्भूत होते. त्यामुळे तिचे श्रेय केवळ शारीरिक हालचालींना देता येत नाही.

निष्कर्ष :
एलडीएल घटविण्यासाठी आहारनियमन व स्टॅटिन औषधे यांना व्यायाम हा पर्याय नव्हे. तो त्यांचा पूरक आहे. तसेच एलडीएलचा आकडा स्थिर राहिला म्हणून व्यायाम निष्फळ ठरत नाही. रोहिणींच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढून त्या अधिक प्रसरणक्षम होतात. हा लाभ कोलेस्टेरॉलच्या अहवालात दिसत नाही. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने श्रमांची मात्रा ठरवावी, ती हळूहळू वाढवावी आणि औषधे परस्पर बंद करू नयेत.